घासणी ठेवा बाजूला

आमच्या पेठमध्ये हल्ली एखाद्या दिवाणखान्यात फिशटँक दिसतो. हौस मुलांची, कौतुक पाहुण्यांचं आणि काचेवरचं शेवाळ काढणं मात्र आईच्या वाट्याला! मग ती बिचारी भांड्यांची तारेची घासणी घेते. मैत्रिणींनो, असं करू नका. ओरखडा उठला की जात नाही आणि शेवाळ त्याच खाचेत पुन्हा धरतं.

मऊ स्पंज पुरतो, फक्त त्यात वाळूचा कण अडकलेला नको. हट्टी हिरवे ठिपके जुन्या प्लास्टिक कार्डाच्या कडेने खरवडावेत. काचेला नवं ब्लेड तिरकं धरून चालतं. ॲक्रिलिकला अजिबात नाही, ते काचेहून मऊ. (मुंबईच्या तारापोरवाला मत्स्यालयात २०१५ साली खुला झालेला बोगदा ॲक्रिलिकचाच होता.) साबण तर नकोच, मासे दगावतात.

पण नुसतं घासून काय होणार? शेवाळ वाढतं ते खिडकीतल्या उन्हाने आणि उरलेल्या खाण्याने. टँक उन्हातून हलवा, दिवा दिवसाला ८ तासांपेक्षा जास्त नको, दोन मिनिटांत संपेल एवढंच खाणं टाका. आठवड्याला पाव भाग पाणी बदला, नळाचं असेल तर रात्रभर उघडं ठेवलेलं. आणि खाणं टाकायला पोरं पुढे असतात ना, मग स्पंजही त्यांच्याच हाती द्या. मुलग्यांच्यासुद्धा!