नळीतला गर्भ फुटला, तर बोरीतून पुढे काय?

पाळी आठ-दहा दिवस पुढे गेलेली, पोटात एका बाजूला अचानक कळ, मग दरदरून घाम आणि भोवळ. जिंतूर तालुक्यातल्या बोरीसारख्या गावात अशा बाईला बऱ्याचदा आधी पित्ताची गोळी मिळते. काहींचा खांदाही दुखतो, कारण पोटात साचलेलं रक्त श्वासपटलाला लागतं. पण खांद्याचा संबंध पाळीशी कोण लावणार?

गर्भ गर्भाशयाबाहेर रुजला, की ती अस्थानिक गर्भधारणा. शंभरात एक-दोन गरोदरपणांत असं होतं आणि दहापैकी नऊहून अधिक वेळा गर्भ नळीत असतो. नळी फारशी ताणत नाही, फुटते. लिटर-दोन लिटर रक्त पोटातच साचू शकतं. बाहेर मात्र नुसता डाग.

यावर उपाय म्हणजे पोट उघडून किंवा दुर्बिणीने ती नळी चिमट्यात धरायची, बांधायची आणि काढायची. बर्मिंगहॅमच्या लॉसन टेट यांनी १८८३ मध्ये असंच करून रुग्ण वाचवली. रक्तदाब कोसळला असेल, तर तो सुधारण्याची वाट बघत बसायचं नसतं. रक्त चढवणं आणि ऑपरेशन सोबतच सुरू करावं लागतं. मेथोट्रेक्सेटचं इंजेक्शन फक्त नळी न फुटलेल्या, प्रकृती स्थिर असलेल्या बाईसाठी.

सिझेरियन करणाऱ्या डॉक्टरला हे ऑपरेशन अवघड नाही. अडतं ते भूल आणि रक्तावर. परभणीत २०२३ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, १०८ ची गाडीही आहे. पण गाडीत रक्तस्राव थांबत नाही. म्हणून नव्या इमारतीआधी तालुक्याला रक्तसाठ्याचा फ्रीज आणि रात्री हजर असणारा भूल देणारा डॉक्टर हवा. एमबीबीएस डॉक्टरांना भुलीचं प्रशिक्षण देण्याची सरकारी योजना आहेच. शिकलेला माणूस जिथे थिएटर चालतं तिथेच नेमावा, एवढंच.

त्याहून स्वस्त गोष्ट आशाताईंच्या पिशवीत असते: गरोदरपण तपासण्याची 'निश्चय' पट्टी. ती संशय असलेल्या बाईलाच दिली जाते. कुटुंबनियोजनाचं ऑपरेशन झालेल्या बाईला कुणी विचारतही नाही. खरं तर त्या ऑपरेशननंतर गर्भ क्वचितच राहतो, पण राहिलाच तर नळीत असण्याची भीती जास्त. पोट दुखणाऱ्या, मूल होण्याच्या वयातल्या प्रत्येक बाईची लघवी तपासावी. पट्टीवर दोन रेषा आल्या आणि भोवळही येतेय, तर सोनोग्राफीला उद्या बोलवायचं नाही. गाडी निघतानाच परभणीला फोन करून रक्तगट कळवायचा.