कॉम्प्रेसर बदलण्याआधी गळती शोधा

एअर सस्पेन्शनची गाडी ‘बसली’ की गॅरेजमध्ये बहुतेक वेळा एकच निकाल ऐकू येतो : कॉम्प्रेसर गेला, नवा टाका. डॅशबोर्डवर इशाऱ्याचा दिवा लागलेला असतो, स्कॅनर कॉम्प्रेसरचे नाव घेतो आणि महागड्या गाड्यांत एस्टिमेट लाखाच्या घरात जाऊ शकते. मालक मुकाट्याने पैसे भरतो, गाडी उभी राहते आणि काही महिन्यांनी पुन्हा बसते. कॉम्प्रेसर गेला होता हे खरेच असते. तो कशामुळे गेला, एवढे मात्र कोणी पाहिलेले नसते.

नळ गळतोय तो गळू देऊन गच्चीवरच्या टाकीचा पंप बदलण्याचा हा प्रकार आहे. नवा पंपही त्याच गळतीला पाणी पुरवत बसतो आणि जुन्याच्या वाटेने जातो. एअर सस्पेन्शनच्या दुरुस्तीत निदानाचा क्रम पाळणे बंधनकारक असायला हवे आणि ते निदान ग्राहकाच्या हाती लेखी पडायला हवे. ही मागणी अवास्तव नाही, कारण निदानाला लागणारी बरीचशी साधने कोणत्याही गॅरेजच्या कपाटात पडलेली असतात.

या गाड्यांत पोलादी स्प्रिंगांच्या किंवा कमानपाट्यांच्या जागी हवा भरलेले रबरी बलून असतात. बारा व्होल्टच्या मोटरवर चालणारा एका पिस्टनचा छोटा कॉम्प्रेसर बाहेरची हवा ओढतो, ड्रायरमधून कोरडी करून पुढे ढकलतो आणि व्हॉल्व्ह ब्लॉक ती त्या त्या चाकाकडे वळवतो. उंची मोजणारे सेन्सर गाडी कुठे झुकली ते कंट्रोल युनिटला सांगत राहतात. बऱ्याच गाड्यांत हवेची एक टाकीही असते आणि तिच्यातला दाब पंधरा बारच्या आसपास जातो. मोटारीच्या टायरमध्ये तो जेमतेम सव्वादोन-अडीच बार असतो. एवढा दाब निर्माण करणारे हे यंत्र मुळात सतत चालण्यासाठी बनवलेले नाही. थोडा वेळ चालायचे, थांबायचे, थंड व्हायचे, हा त्याचा नेम.

हा त्रास आजचा नाही. कॅडिलॅकने १९५७ मध्ये एल्डोराडो ब्रॉहम ही गाडी १३,०७४ डॉलरला आणली, तेव्हा तिच्या चारही चाकांना हवेचे सस्पेन्शन होते. गळतीला कंटाळून अनेक मालकांनी पुढे ते काढून साध्या स्प्रिंगा बसवून घेतल्या. जनरल मोटर्सने १९५८ मध्ये आपल्या इतर गाड्यांतही हा पर्याय दिला आणि लवकरच गुंडाळला. गंमत अशी, की त्याच काळात ग्रेहाउंडच्या सीनिक्रूझर बस हवेच्याच सस्पेन्शनवर अमेरिकाभर धावत होत्या. तंत्र तेच होते. बसच्या मागे रोज देखभाल करणारा डेपो होता.

आताच्या गाड्यांपैकी लँड रोव्हरची डिस्कव्हरी ३ हे अभ्यासण्याजोगे उदाहरण आहे. ब्रिटनमधल्या या कंपनीने ती २००४ मध्ये आणली. माणसांना चढता-उतरता यावे म्हणून ती सुमारे ५० मिलिमीटर खाली बसते आणि खडबडीत वाटेवर नेहमीपेक्षा उंच उभी राहते. तिचा कॉम्प्रेसर डाव्या मागच्या चाकाच्या पुढे, गाडीच्या पोटाखाली असतो. चिखलपाणी सर्वांत जास्त उडते ती हीच जागा. २००८ मध्ये कंपनी टाटा मोटर्सकडे आली, पुढच्या वर्षी मुंबईत तिचे दालन उघडले आणि त्या काळातल्या गाड्या आज दुसऱ्या-तिसऱ्या मालकाकडे पोचल्या आहेत. वॉरंटी केव्हाच संपली आहे आणि गाड्या बसू लागल्या आहेत.

कॉम्प्रेसर मरतो कसा, हे नीट समजून घ्यायला हवे. बलूनच्या खालच्या घडीत धूळ आणि वाळूचे कण अडकतात. गाडी वरखाली होताना रबर त्याच रेषेवर दुमडत राहते, उन्हाने कडक होते आणि तिथे बारीक चिरा पडतात. गळती इतकी मंद असते, की चालत्या गाडीत ती कळत नाही. कॉम्प्रेसर भरपाई करत राहतो. आधी दोन मिनिटांत होणारे काम पाच मिनिटांवर जाते, यंत्र तापते, आणि तापल्यावर जळू नये म्हणून कंट्रोल युनिट ते बंद करते. थंड झाले की पुन्हा तेच. या कॉम्प्रेसरमध्ये तेल नसते. पिस्टनभोवती टेफ्लॉनची एक रिंग असते आणि तीच सिलिंडरला घासत हवा अडवते. उष्णतेने रिंग झिजली की मोटर फिरते, आवाज येतो, पण दाब चढत नाही.

दुसरा घाव ड्रायरवर बसतो आणि तो क्वचितच कोणाच्या लक्षात येतो. ड्रायरमधले दाणे येणाऱ्या हवेतला ओलावा शोषतात. गाडी खाली करताना सोडलेली कोरडी हवा त्याच दाण्यांतून उलटी बाहेर जाते आणि जाता जाता तो ओलावा घेऊन जाते. म्हणजे ड्रायर आपोआप वाळतो. पण हवा बलूनच्या चिरेतून परस्पर निसटत असेल, तर उलटी फेरी होतच नाही. कोकणातल्या पावसाळ्यात दर फेरीला आत येणारे पाणी मग आतच साठते. दाणे भिजून फुटतात आणि त्यांची भुकटी व्हॉल्व्ह ब्लॉककडे निघते.

मेलेला कॉम्प्रेसर टेबलावर उघडला तर ही सारी कहाणी दिसते. सिलिंडरच्या भिंतीवर काळपट भुगा असतो. रिंग बोटाने दाबली तर सैल सरकते. ड्रायरचे टोपण काढल्यावर गोल, टणक दाण्यांच्या जागी ओलसर पांढरा चिखल निघतो आणि हवा सोडण्याच्या व्हॉल्व्हच्या तोंडाशी त्याचीच खपली जमलेली असते. असा चिखल दिसला, की गळती नक्की कुठेतरी आहे किंवा ड्रायरकडे वर्षानुवर्षे कोणी पाहिलेले नाही, असे समजून पुढचे काम करावे. तो न दाखवता, जुना भाग परस्पर भंगारात टाकून नवा बसवणारे गॅरेज ग्राहकाला पुढच्या दुरुस्तीच्या वाटेवर सोडते.

निदानाची सुरुवात मापपट्टीने होते. सपाट जागी गाडी उभी करून चारही चाकांच्या मध्यापासून वरच्या मडगार्डच्या कडेपर्यंतचे अंतर मोजायचे आणि लिहून ठेवायचे. बऱ्याच गाड्या उभ्या असतानाही स्वतःला समतल करतात, म्हणून सस्पेन्शनचा फ्यूज काढायचा आणि रात्रभर गाडीला हात लावायचा नाही. सकाळी एकच कोपरा खाली आला असेल तर त्याच चाकाचा बलून किंवा त्याची नळी तपासायची. पुढची दोन्ही किंवा मागची दोन्ही चाके बरोबरीने बसली, तर आधी त्या बाजूच्या व्हॉल्व्ह ब्लॉककडे पाहायचे. गाडी जराही हलली नसेल आणि तरीही चढायला वेळ घेत असेल, तर संशय कॉम्प्रेसरवर घ्यायला हरकत नाही.

मग साबणाचे पाणी. गाडी सर्वांत उंच करून, चाके उतरवून, बलूनची घडी पूर्ण उलगडेल अशा स्थितीत फवारायचे आणि घाई न करता थांबायचे. मोठी गळती लगेच फेसाळते. बारीक चिरेवर मोहरीएवढे दोन-तीन बुडबुडे येतात, तेही मिनिटभराने. हेच कामाचे असतात आणि घाईत हेच सुटतात. नळ्यांचे जोड आणि व्हॉल्व्ह ब्लॉक यांनाही हाच नियम लागू.

विजेची तपासणी तेवढीच महत्त्वाची. कॉम्प्रेसर चालू असताना त्याच्या प्लगवर व्होल्टेज मोजले पाहिजे, कारण बंद स्थितीत गंजलेली तारही पूर्ण व्होल्टेज दाखवते. रिलेतून मोठा करंट जातो. त्याचे पॉइंट जळले तर कॉम्प्रेसरला पुरेशी वीज मिळत नाही, आणि चिकटले तर कॉम्प्रेसर थांबतच नाही. चांगला कॉम्प्रेसर केवळ रिलेपायी काढून टाकला जाऊ शकतो. नव्या कॉम्प्रेसरला जुना रिले ठेवणे ही तर निव्वळ बेपर्वाई.

स्कॅनर या सगळ्यानंतर वाचावा. डिस्कव्हरी ३ मध्ये सी१ए२० हा कोड वारंवार दिसतो. टाकीतला दाब हवा तेवढ्या वेगाने वाढत नाही, एवढेच तो सांगतो. झिजलेली रिंग, तुंबलेला फिल्टर, फुटकी नळी, अशक्त रिले, यांपैकी काहीही असू शकते. कोड हे लक्षण आहे. त्यालाच निदान मानून सुटा भाग मागवण्याची सवय शोरूमपासून रस्त्यावरच्या गॅरेजपर्यंत सगळीकडे पसरली आहे.

दोष खरोखर कॉम्प्रेसरमध्येच सापडला, तरी अख्खे यंत्र बदलणे हा एकमेव मार्ग नसतो. सिलिंडर गुळगुळीत आणि मोटर शाबूत असेल तर नवी रिंग, ओ-रिंगा आणि ड्रायरचे ताजे दाणे यांवर काम भागते. मोटरचे ब्रश संपले असतील किंवा सिलिंडरवर ओरखडे असतील तर मात्र नवा घ्यावा. डिस्कव्हरी ३ मध्ये मूळचा हिताची कॉम्प्रेसर काढून नंतरच्या पिढीतला एएमके बसवता येतो, पण त्यासाठी कंट्रोल युनिटचे सॉफ्टवेअर बदलावे लागते. ते न केल्यास नवाकोरा भागही तक्रार करू लागतो.

एक इशारा मात्र ठळकपणे द्यायला हवा. बलूनवर उभ्या असलेल्या गाडीखाली कोणीही शिरू नये. हवा क्षणात निघून जाऊ शकते आणि दोन-अडीच टनांचा भार अंगावर येतो. आधी चासीखाली भक्कम घोड्या लावायच्या, स्कॅनरने हवा सोडायची आणि मगच नळीला पान्हा लावायचा. घरच्या घरी दुरुस्तीचा हुरूप चांगला आहे, पण इथे चुकीला माफी नाही.

वैतागून हवेचे सस्पेन्शन काढून साध्या स्प्रिंगा बसवणारेही आहेत. त्यांना दोष देता येत नाही. तरीही कंपनीने उंची, ब्रेक आणि स्थैर्य यांचा मेळ ज्या रचनेवर बसवला, ती रचना मोडणे हे दुरुस्तीचे अपयशच म्हणावे लागेल. आपल्याकडे वातानुकूलित शिवनेरी बस हवेच्या सस्पेन्शनवर घाट चढतात. मोठ्या बसच्या हवेच्या टाक्यांतले पाणी नियमाने सोडले जाते, बलून हाताने चाचपले जातात. कोट्यवधींच्या खासगी गाडीला ही शिस्त मिळत नाही, कारण सर्व्हिसच्या यादीत बलून आणि ड्रायर तपासण्याची ओळच अनेकदा नसते.

यात कंपन्यांची जबाबदारी मोठी आहे. सुटे भाग आणि तांत्रिक माहिती स्वतंत्र गॅरेजांना खुली न ठेवल्याबद्दल भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये १४ मोटार कंपन्यांना एकूण २,५४४ कोटी रुपयांहून अधिक दंड सुनावला होता. प्रकरण पुढे अपिलांत गेले. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि त्याच वर्षाअखेर पोर्टल सुरू केले. त्यात मोटारींचाही समावेश आहे. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्याने २०१२ मध्येच मोटारींच्या दुरुस्तीच्या हक्काचा कायदा केला. आपल्याकडे पोर्टलच्या पुढे जाऊन सक्ती हवी. पाच-दहा ग्रॅमची रिंग आणि मूठभर दाणे यांसाठी ग्राहकाला अख्खा कॉम्प्रेसर विकणे बंद झाले पाहिजे. रिंग, ड्रायर आणि रिले यांना स्वतंत्र पार्ट नंबर आणि जाहीर किंमत असावी. दाब आणि व्होल्टेज यांची अपेक्षित मापे कंपनीच्या डीलरपुरती कोंडून ठेवू नयेत.

पुण्याजवळ चाकणला मर्सिडीज बनते, पुण्यातच २०११ पासून जग्वार लँड रोव्हरच्या गाड्या जुळवल्या जातात. या परिसरातल्या आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकचा अभ्यासक्रम आहे. भंगारात जाणारे निकामी कॉम्प्रेसर, फुटके बलून आणि जुने व्हॉल्व्ह ब्लॉक या संस्थांना देण्यात कंपन्यांचे काहीच जात नाही. विद्यार्थ्यांनी ते उघडावेत, झिजलेली रिंग मोजावी, भिजलेले दाणे हातात घ्यावेत. आणि तोवर गाडीमालकाने एवढे करावे : एस्टिमेटवर सही करण्याआधी रात्रभराच्या उंचीची मापे, गळती कुठे सापडली त्या जागेचा फोटो आणि कॉम्प्रेसरच्या प्लगवरचे व्होल्टेज, हे तीनही जॉब कार्डवर लिहून मागावे.