बर्फावर पडणारच, पण मोडून घेऊ नका

मे महिन्यात ४५ अंशांत भाजून निघणाऱ्या आपल्या खान्देशी माणसाला बर्फाची ओढ वाटणे साहजिक आहे. आता धुळे-जळगावची नवी जोडपी, कॉलेजची मुले हिवाळ्यात गुलमर्गला जातात आणि पायाला स्की बांधल्याशिवाय परतत नाहीत. शौक चांगला आहे. पण घरचा कमावता माणूस गुडघा धरून काही महिने बसला, तर सगळे घर बसते. म्हणून निघण्यापूर्वी थोडे समजून घेऊ.

नवशिका पडतोच. दुखापत मात्र बरीचशी टाळता येते. स्कीमध्ये जास्त धोका गुडघ्याला. लांब पट्टी एकीकडे वळते, शरीर दुसरीकडे जाते आणि सगळा पीळ गुडघ्यातल्या लिगामेंटवर येतो. यासाठीच बूट पट्टीला धरून ठेवणारी पकड असते. ठरावीक जोर पडला की ती सुटते. ती वजन, उंची आणि सराव पाहून लावतात. आधी ८० किलोच्या माणसाने वापरलेली स्की ५० किलोच्या मुलीला तशीच दिली, तर पकड वेळेवर सुटणार नाही. तेव्हा भाड्याने घेताना खरे वजन सांगा आणि पकड आपल्यासमोर लावून घ्या. बूट घट्ट हवा, पण बोटे हलली पाहिजेत.

स्नोबोर्डचे वेगळे. दोन्ही पाय एकाच फळीला जखडलेले असतात, पडताना सुटत नाहीत. माणूस हात टेकतो आणि मनगट मोडते. पुढे पडताना मुठी मिटून कोपरापुढच्या हातावर भार घ्या. मागे पडताना हनुवटी छातीला लावून बसते व्हा. मनगटाचे संरक्षक पट्टे मिळाले तर जरूर बांधा.

हेल्मेट दोघांनाही हवेच. आमच्या बहिणींनी ओढणीचे टोक मोकळे सोडू नये. हेल्मेटखाली घट्ट बसणारा स्कार्फ बांधावा. पायघोळ अबाया पट्टीत अडकतो. त्याऐवजी सैल जलरोधक पँट आणि लांब जॅकेट घातले तर पर्दाही राहतो आणि पायही.

आधी थांबायला शिका, मग घसरायला. उतारावर जो खाली आहे त्याला वाचवण्याची जबाबदारी वरून येणाऱ्याची असते. आणि "बस, एकच शेवटची फेरी" हा मोह टाळा. थकलेल्या मांड्या गुडघ्याला सावरू शकत नाहीत.

आखलेला उतार सोडून जाऊ नका. फेब्रुवारी २०२३ मध्ये गुलमर्गजवळ अफरवतच्या उतारावर हिमस्खलनात पोलंडचे दोन स्कीपटू गेले. 

तयारी मात्र घरूनच सुरू होते. महिना-दीड महिना आधीपासून मेहरूण तलावाभोवती चाला, जिने चढा-उतरा, भिंतीला पाठ टेकून खुर्चीत बसल्यासारखे रोज थोडा वेळ थांबा. धुळेकरांना लळिंगचा किल्ला आहेच. तो उतरताना मांड्यांचा चांगला कस लागतो.

एवढे करूनही गुडघ्यात 'कट' आवाज आला, सूज चढली, तर त्या पायावर उभे राहू नका. मालिश तर मुळीच नको. पाय आधाराला बांधून डॉक्टर गाठा. श्रीनगरला बर्झुल्ला येथे हाडांचे सरकारी रुग्णालय आहे.

सोबतचे हसतील म्हणून कठीण उतारावर जाऊ नका. नको वाटले तर सरळ नाही म्हणा. जान है तो जहान है.