त्वचेचा रंग, पण कोणाच्या त्वचेचा?

रायपूरच्या गोलबाजारात किंवा पंडरीच्या कापडबाजारात पांढऱ्या पोलक्याखाली दिसणार नाही अशी बॉडी मागितली, की दुकानदार ‘स्किन कलर देऊ?’ म्हणतो आणि उत्तराची वाट न पाहता एक डबा पुढे सरकवतो. डब्यातील वस्तूचा रंग सोललेल्या बदामासारखा असतो. क्वचित त्यात गुलाबी झाक असते. मागणारी बाई गव्हाळ असो, सावळी असो वा काळीभोर असो, तिची ‘स्किन’ ती हीच, असे त्या डब्याने तिच्या वतीने ठरवून टाकलेले असते. विकणारा सावळा, घेणारी सावळी, आणि दोघांच्या मध्ये फळीवर पडलेली ‘त्वचा’ मात्र तिसऱ्याच कोणाची तरी! ह्या विनोदाला आपण इतके सरावलो आहोत, की त्यात हसण्यासारखे काही आहे हेही कोणाच्या ध्यानात येत नाही.

वाङ्मयीन मासिकात अंतर्वस्त्रांची चर्चा कशाला, असे आमचे काही वाचक म्हणतील. त्यांस आमचे उत्तर असे, की हा प्रश्न जितका कापडाचा आहे तितकाच शब्दाचा आहे. ज्या शब्दाचा अर्थ बोलणाऱ्याच्या व ऐकणाऱ्याच्या अंगावरच खोटा ठरतो, तो शब्द रोज बिनतक्रार वापरला जात असेल, तर त्याची झडती भाषेची चाड असणाऱ्यांनी घ्यायची नाही तर कोणी घ्यायची?

प्रथम वस्तूचे काम काय ते पाहू. पातळ पांढरे कापड पूर्ण अपारदर्शक नसते. त्याच्या आत शेजारी शेजारी असलेल्या दोन रंगांतला फरक बाहेर उमटतो. म्हणून पांढऱ्या कापडाखाली पांढरे वस्त्र घातले तर ते लपत नाही, उलट त्याची कड न् कड दिसते. जे वस्त्र अंगाच्या रंगाशी मिळते, तेच नाहीसे होते. ह्याचा सरळ अर्थ असा, की सावळ्या अंगावर बदामी वस्त्र हे पांढऱ्या वस्त्राइतकेच निरुपयोगी आहे. बाईने पैसे मोजले ते न दिसण्यासाठी, आणि तिच्या पदरी आली ती दिसणारी पट्टी. मग कचेरीत, शाळेत, लग्नघरात कोणी वडीलधारी तिच्याच कानाशी लागून ‘जरा नीट राहावं गं’ म्हणते. दोष मालाचा आणि बोलणी बाईला, हा न्याय आम्हां स्त्रियांच्या चांगला परिचयाचा आहे.

‘आतल्या कपड्याचा रंग पाहतो कोण?’ ह्या आक्षेपाचा निकाल येथेच लागतो. कोणी पाहू नये, एवढ्यासाठीच तर ती वस्तू असते. पावसात गळणाऱ्या छत्रीबद्दल तक्रार करणाऱ्यास ‘छत्रीकडे पाहतो कोण?’ असे कोणी विचारीत नाही.

दुसरा आक्षेप व्यापाऱ्यांचा, आणि तो आम्ही गंभीरपणे घेतो. अंतर्वस्त्राला एकच माप नसते. घेराचे माप वेगळे, उभाराचे वेगळे. म्हणजे एक रंग वाढवला की मापांची सबंध उतरंड वाढवावी लागते आणि तेवढे भांडवल अडकते. शिवाय नायलॉन, सूत आणि पॉलिएस्टर ह्यांना वेगवेगळ्या जातींचे रंग लागतात; त्यामुळे जाळी, पट्टी आणि कापड एकाच छटेत आणणे हे कसबाचे काम आहे. हे सगळे आम्हांला मान्य आहे. परंतु ह्याच बाजारात चार दुकाने पलीकडे मॅचिंग सेंटर असते. तेथे परकराचे कापड, अस्तर, टू बाय टू आणि फॉल ह्यांच्या छटा छतापर्यंत रचलेल्या असतात. पोपटी आणि मोरपोपटी, आमसुली आणि वांगी ह्यांत घोटाळा झाला, तर तो दुकानदार गठ्ठा परत वर ठेवतो आणि साडीचा पदर उजेडात धरून पुन्हा शोधतो. दोऱ्याच्या रिळांच्या छटापत्रकात तर शेकड्यांनी रंग मिळतात. अलीकडे साडीखाली घालण्याचे अंगासरशी बसणारे ‘शेपवेअर’ आले आहे. तेही साडीशी मिळावे म्हणून जांभळे, किरमिजी, हिरवे असे मिळते. मापांची अडचण तेथेही आहेच. म्हणजे हे व्यापारी कसब आपल्याकडे नाही असे नाही. साडीच्या रंगाचा मान राखावा असे आपल्याला वाटते. नेसणारीच्या रंगाचा राखावा असे वाटत नाही, एवढाच काय तो फरक.

आणि शब्दांची तरी वाण आहे काय? मराठीत गोरी, निमगोरी, उजळ, केतकी, गव्हाळ, सावळी, काळीसावळी, काळीभोर असे वर्णच वर्ण आहेत. गेल्या शतकात फेलिक्स फॉन लुशान ह्या मानववंशशास्त्रज्ञाने त्वचेचे वर्ण नोंदण्यासाठी काचेच्या तुकड्यांची पट्टी केली. तीत ३६ तुकडे होते. त्या काळच्या वंशमोजणीचे आम्हांला प्रेम नाही. पण मोजणाऱ्यालाही छत्तीसांच्या आत भागवता आले नाही, तेथे आमचा बाजार एकावर भागवतो, हे नमूद करावेसे वाटते.

तिसरा आक्षेप देशाभिमानी आहे. हे सारे पाश्चात्त्यांचे खूळ, ते आपण का उचलावे? पाश्चात्त्यांकडे काय घडले ते खरोखरच पाहण्यासारखे आहे. अमेरिकेतील क्रेयोला कंपनीने आपल्या खडूचे ‘फ्लेश’ हे नाव १९६२ साली बदलून ‘पीच’ केले. लंडनमध्ये २०१४ साली न्यूबियन स्किन ही कंपनी सावळ्या व काळ्या स्त्रियांच्या अंतर्वस्त्रांसाठीच निघाली. २०१५ साली मेरियम-वेबस्टर शब्दकोशाने ‘न्यूड’ ह्या रंगनामाची व्याख्या सुधारली. काळ्या नर्तकी आपले गुलाबी बॅले-जोडे चेहऱ्याच्या रंगलेपाने रंगवून घेत असत. २०१८ साली लंडनच्या फ्रीड कंपनीने त्यांच्यासाठी तपकिरी जोडे काढले. २०१९ साली स्किम्स नावाच्या अमेरिकन कंपनीने आपले शेपवेअर नऊ छटांत बाजारात आणले. ह्या देशांत काळे लोक अल्पसंख्य आहेत, तरी त्यांनी आपला हक्क मागून घेतला. आपल्याकडे सावळे लोक बहुसंख्य असून ते अल्पसंख्यांच्या त्वचेला ‘त्वचा’ म्हणतात. तेव्हा खूळ कोणते आणि शहाणपण कोणते, हे वाचकांनीच ठरवावे.

शिवाय ही दृष्टी आपल्याला परकी नाही. डॉ. प्रमोद करण सेठी व कारागीर रामचंद्र शर्मा ह्यांनी १९६८ च्या सुमारास जयपूरचा कृत्रिम पाय घडवला, तेव्हा तो अनवाणी चालणाऱ्या भारतीय माणसाच्या खऱ्या पायासारखा दिसावा ह्याची त्यांनी काळजी घेतली. आणि आमच्या विठोबाचे काय? पंढरपूरच्या त्या काळ्या मूर्तीला शतकानुशतके रोज वस्त्रे नेसवली जातात. सावळेपण हे तेथे देवाचे लाडके नावच होऊन बसले आहे. सावळ्या देवापुढे माथा टेकून घरी आल्यावर ‘मुलगी जरा काळीच आहे’ म्हणून उसासा टाकण्याची सोय मात्र आम्ही स्वतःच करून घेतली.

कोणी म्हणेल, आता काळ बदलला आहे. १९७५ साली निघालेल्या ‘फेअर अँड लव्हली’चे नाव २०२० साली ‘ग्लो अँड लव्हली’ झाले. सावळा माणूस दुःखी किंवा हीन दाखवू नये, असा नियम जाहिरात-मानक परिषदेने २०१४ सालीच केला. बंगळूरूच्या एका विधी-विद्यार्थ्याने ‘स्किन’ नावाच्या रंगखडूविरुद्ध ग्राहक मंचाकडे दाद मागितली होती. मोठ्या शहरांत, महाग मालात, तपकिरी छटांची अंतर्वस्त्रेही दिसू लागली आहेत. हे बरे झाले. तथापि मलमाहून हा डबा अधिक धूर्त आहे. मलम निदान ‘तू काळी आहेस, गोरी हो’ एवढे तरी उघड म्हणत होते, आणि त्याच्याशी भांडता येत होते. डबा काहीच म्हणत नाही. तो एकच उत्तर आधी छापून ठेवलेल्या सरकारी नमुन्यासारखा आहे. ज्याचे उत्तर निराळे, त्याच्यासाठी त्यात रकानाच नाही.

आता थोडे आपल्या घरात पाहू. आम्ही बदलीच्या नोकरीतली माणसे. नागपूरहून, पुण्याहून, कोल्हापुराहून येथे आलो, आणि येताना वर्णाचा तराजू सामानाबरोबर बांधून आणला. वधूवरांच्या परिचयपत्रकांत आजही ‘गोरी’ हा गुण म्हणून छापला जातो आणि ‘गव्हाळ’ हा शब्द सावळेपणावर पांघरूण घालण्यासाठी वापरला जातो. आमच्या घरी भांडी घासणाऱ्या, कचेरीत चहा आणणाऱ्या छत्तीसगढी माणसांच्या रंगाविषयी, ते ऐकत असतानाही, मराठीत शेरे मारले जातात. त्यांना मराठी कळत नाही अशी आमची समजूत असते. त्यांना ती पुष्कळ कळते. आणि आपल्या मुलांना तर ती सगळीच कळते. चित्रकलेच्या तासाला आईचा चेहरा रंगवताना मूल आपल्या सावळ्या आईला ‘स्किन’च्या खडूने रंगवते, तेव्हा त्याने डोळ्यांवरचा विश्वास सोडून खडूवरच्या चिठ्ठीवर विश्वास ठेवलेला असतो. आमचे भांडण खरोखर ह्या एका गोष्टीशी आहे.

आमचे म्हणणे फार मोठे नाही. पहिले, कोणत्याही एका रंगाला ‘त्वचेचा रंग’ म्हणू नये. बदामी वस्तूला बदामी म्हणावे. दुसरे, त्याच दर्जाच्या आणि त्याच किमतीच्या मालात निदान चार छटा ठेवाव्यात. त्यांना नावे हवी असतील, तर स्वयंपाकघर भरलेले आहे: बदाम, सुंठ, जायफळ, खजूर, चिंच. तिसरे, हे मागायचे काम आपले आहे. मागणी नाही म्हणून माल नाही, असे व्यापारी सांगतो, आणि त्यात तथ्य आहे. कारण बाई लाजेने पहिलाच डबा पिशवीत टाकून निघून जाते. येथून पुढे तिने मनगट पुढे करावे आणि विचारावे, ‘ह्या रंगात दाखवा.’ दुकानदार पहिल्यांदा गोंधळेल. दहावी बाई हेच विचारील, तेव्हा तो घाऊक व्यापाऱ्याला विचारील. मॅचिंग सेंटरातल्या त्या रंगांच्या भिंती अशाच बायकांनी पदर पुढे करकरून उभ्या केल्या आहेत.