सुटी चित्रे

परवा मंडळाच्या बैठकीत एका स्नेह्यांनी मोठ्या आत्मविश्वासाने सांगितले की, प्रत्येक चित्र आपापल्या जागी सुंदर असेल, तर संच मोडून ती सुटी विकण्यास हरकत कोणती? विषय निघाला होता विल्यम ब्लेकच्या जलरंगचित्रांचा. स्नेही आमचे वरिष्ठ असल्यामुळे आम्ही त्या वेळी गप्प राहिलो. येथे ती अडचण नाही.

रॉबर्ट ब्लेअर या स्कॉटिश धर्मोपदेशकाचे 'द ग्रेव्ह' हे काव्य १७४३ साली प्रसिद्ध झाले. त्याची सचित्र आवृत्ती काढण्यासाठी क्रोमेक नावाच्या प्रकाशकाने १८०५ साली ब्लेककडून वीस चित्रे घेतली, अवघ्या वीस गिनींत! ती ताम्रपटावर कोरण्याचे कामही आपल्यालाच मिळणार, अशी ब्लेकची समजूत होती, आणि खरी मिळकत त्यातच होती. क्रोमेकने ते काम स्क्यावोनेत्ती या लोकप्रिय कोरक्याच्या हवाली केले. १८०८ साली पुस्तक निघाले, त्यात चित्रे बाराच. मूळ जलरंगचित्रे पुढे १८३६ साली एडिंबरोच्या एका लिलावात गेली आणि दीडशेहून अधिक वर्षे कोणाच्या दृष्टीस पडली नाहीत. २००१ साली ग्लासगोतील जुन्या पुस्तकांच्या दुकानात त्यांपैकी एकोणीस एकत्र सापडली.

ती एकत्र राहावीत म्हणून लंडनच्या टेट संग्रहालयाने खटपट केली. निर्यातीचा परवानाही काही काळ रोखून धरण्यात आला. परंतु पैसा जमला नाही, आणि मे २००६ मध्ये न्यूयॉर्कला एकोणीस चित्रांचे एकोणीस स्वतंत्र लिलाव पुकारले गेले. कायद्याला चिंता होती ती चित्रे देशाबाहेर जाण्याची. ती एकमेकांपासून तुटण्याची नव्हे.

आमच्या हातून फाइलीतील एखादे टिपण सुटे झाले तर खुलासा मागविला जातो, आणि तो योग्यच आहे. कारण टिपणाचा अर्थ मागल्यापुढल्या टिपणांत असतो. मग चित्रांनाच वेगळा न्याय का? त्या पुस्तकातील 'मृत्यूचे द्वार' हे चित्र पाहावे. कुबडीवर वाकलेला वृद्ध, पाठीशी वारा, समोर दगडी दार. आणि त्याच दारावर आकाशाकडे तोंड करून बसलेला तेजस्वी तरुण. हा तरुण कोण, हे मृत्युशय्येची चित्रे आणि आत्मा व देह यांच्या पुनर्मीलनाचे चित्र शेजारी असल्यावाचून कळावे कसे? याच मालिकेत एका कुटुंबाच्या स्वर्गातील भेटीचे चित्र आहे, हा योगायोग आम्हांस फार बोचतो.

छायाचित्रे आहेत ना, असे म्हणणाऱ्यांस आम्ही इतकेच विचारतो : कोरीव ठसे तर १८०८ पासूनच होते; मग ही चित्रे सापडल्यावर एवढी धावपळ कशासाठी झाली?

मालकाचा हक्क आम्ही नाकारीत नाही. तो हक्क होता आणि त्याने तो बजावला. आमचा आक्षेप आहे तो या व्यवहाराला रसिकतेचा पोशाख चढविण्याला. त्या दिवशी अकरा चित्रे सुमारे ७१ लक्ष डॉलरांना गेली, उरलेल्या आठांना कोणी घेतले नाही. एकोणीस एकत्र होती तेव्हा त्यांत कोणतेही चित्र टाकाऊ नव्हते. आमच्या स्नेह्यांच्या न्यायाने त्या आठांची वासलात कशी लावावी, हे त्यांनी पुढच्या बैठकीत अवश्य सांगावे. त्या वेळी मात्र आम्ही गप्प बसणार नाही.