सहज सुचणारे ते कोणते?

कपडे धुण्याच्या यंत्राची कळ फिरविली की भिजविणे, घुसळणे, खळबळणे, पिळणे ही कामे ठरल्या क्रमाने पार पडतात. हा क्रम घरोघरच्या माउलींस पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. मग तो यंत्रास शिकविणाऱ्यास वीस वर्षांचे पेटंट, म्हणजे एकाधिकार, द्यावा काय? त्या विषयातील जाणत्या माणसास जे सहज सुचेल त्यास पेटंट नाही, असे आपला कायदा सांगतो.

या प्रश्नावरील सर्वोच्च न्यायालयाचा १९७८ सालचा गाजलेला निवाडा चक्क ताटवाट्यांचा आहे! भांडे लेथवर फिरताना निसटून उडे आणि कारागिरास धोका होई. ते मागून टोकदार दांड्याने दाबून धरण्याच्या युक्तीचे पेटंट मिर्झापूरच्या हिंदुस्थान मेटल इंडस्ट्रीजने मिळविले होते. अलाहाबादेस एका न्यायमूर्तींनी ते रद्द केले, अपिलात खंडपीठाने राखिले, आणि सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा रद्द ठरविले. ही कारखान्यातील साधी सुधारणा होय, शोध नव्हे, असा त्याचा आशय.

आम्हांस हा निवाडा पटतो. लेथला दुसऱ्या बाजूनेही आधार देता येतो, हे कोणता कातारी जाणत नाही? मात्र उत्तर पाहिल्यावर प्रत्येक कोडे सोपेच भासते, आणि खऱ्या संशोधकावर अन्याय होतो तो येथेच. म्हणून आम्ही म्हणतो, आमच्या आदिलाबादच्या जिनिंगमधील एखाद्या जुन्या फिटरास बोलवावे, यंत्र न दाखविता केवळ अडचण सांगावी, आणि त्यास काय सुचते ते पाहावे.