त्या पोराचं नाव काय?



आत्म्याला जात नसते म्हणे. आणि ग्रीकांचं तत्त्वज्ञान म्हणजे निव्वळ विचार, त्याला ना रंग ना वास! असं सांगणारे विद्वान पायलीला पन्नास मिळतात. मी म्हणतो, आधी या आत्म्याचा सात-बारा काढा.

प्लेटोनं 'रिपब्लिक'मध्ये आत्म्याचे तीन तुकडे केले. बुद्धी, तडफ, वासना. मग तेच तुकडे नगरावर ठोकले. बुद्धीवाले राज्य करणार, तडफवाले लढणार, वासनावाले पिकवणार नि घडवणार. वर कथा रचली, की देवानं कुणात सोनं मिसळलं, कुणात चांदी, कुणात लोखंड नि कांसं. कथा खोटी, पण लोकांच्या गळी उतरवायची, हे तो राजरोस लिहितो. आपल्याकडे मुखापायांची कथा रचणाऱ्यांनी एवढाही प्रामाणिकपणा दाखवला नाही. सोन्याच्या पोटी कांसं निघालं तर खाली ढकला, असंही प्लेटो म्हणतो, म्हणून काहीजण त्याला सूट देतात. बाबासाहेबांनी दिली नाही. १९३६ च्या 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये त्यांनी नेमकं बोट ठेवलं: माणसं अगणित तऱ्हांची असतात, ती तीन खोक्यांत कोंबता येत नाहीत.

त्याचा चेला अ‍ॅरिस्टॉटल. सद्‌गुण नि चांगलं जीवन यावर यानं ग्रंथ लिहिले. चांगल्या जीवनाला फुरसत लागते म्हणाला. फुरसत येते कुठून? 'पॉलिटिक्स'मध्ये उत्तर आहे. गुलाम म्हणजे जिवंत अवजार. काही माणसं निसर्गानंच गुलाम, त्यांच्यात विचार करून ठरवण्याची शक्तीच नाही. कारागिराला सद्‌गुण साधत नाही, म्हणून आदर्श नगरात तो नागरिक नको. म्हणजे तुझी फुरसत आम्ही कमवायची, आणि आम्हाला फुरसत नाही म्हणून सद्‌गुण नाही, हे तूच सांगायचं. वा रे गुरुजी!

"त्या काळी सगळेच तसे होते." साफ खोटं. गुलामगिरी निसर्गाविरुद्ध आहे, जबरदस्तीवर उभी आहे, म्हणून अन्याय आहे, असं म्हणणारे तेव्हाही होते. हे अ‍ॅरिस्टॉटलच नोंदवतो, आणि मग त्यांना खोडायला बसतो. त्याची ही विद्या वाया गेली नाही. १५५० साली स्पेनमध्ये वाय्यादोलिदच्या वादात सेपुल्वेदानं अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांविरुद्ध हाच अ‍ॅरिस्टॉटल उपसला.

आता प्लेटोचाच 'मेनो' उघडा. सॉक्रेटिस मेनोच्या एका गुलाम पोराला बोलावतो. दोन फूट बाजूचा चौरस दाखवतो. दुप्पट क्षेत्रफळ हवं, बाजू किती? पोरगं म्हणतं चार. चुकलं. तीन. तेही चुकलं. मग सरळ कबूल करतं, मला ठाऊक नाही. पुन्हा प्रश्न, पुन्हा उत्तरं, आणि शेवटी कर्णावर येऊन पोचतं. सॉक्रेटिस खूश. ज्ञान याच्या आत्म्यातच होतं! छान. मग याला मोकळं करा, असं कुणी म्हटलं? नाही. ती दोघं पुन्हा सद्‌गुणाची चर्चा करत बसतात. पोराचं नावसुद्धा लिहिलेलं नाही.

पण चूक करणारं, चूक ओळखणारं, पुन्हा विचार करणारं ते पोरगं अ‍ॅरिस्टॉटलनं लेखणी उचलण्याआधीच त्याला उत्तर देऊन गेलं होतं. चेल्यानं गुरूचं पुस्तक नीट वाचलं नाही, की वाचून डोळे मिटले?

आम्ही आत्मा मानत नाही. १९५६ साली नागपुरात बाबासाहेबांनी आम्हाला आत्मा नाकारणाऱ्या बुद्धाच्या वाटेवर आणलं. मग हे भांडण कशाला? कारण प्रत ठरते आत्म्याची, पण चाबूक पडतो पाठीवर. लॉरियनच्या खाणीत जमिनीच्या पोटात शिरून अथेन्ससाठी चांदी काढत होते ते आत्मे नव्हते, गुलाम होते.

आपल्यातले काही म्हणतात, ही पुस्तकं फेकून द्या. मी म्हणतो, वाचा. भक्ती न करता वाचा. पानापानाला विचारा, हा चांगलं जीवन जगत होता तेव्हा याचं पाणी कोण भरत होतं? आणि पुढच्या वेळी कुणी आत्म्यावर व्याख्यान झोडायला उभा राहिला, तर पहिल्या रांगेत जाऊन बसा, आणि त्याला त्या पोराचं नाव विचारा.